‘अनिवार्य’ या विशेषणाची मर्यादा

फर्चगॉट व झवाड्झ्की यांच्या ‘नेचर’मधील १९८० च्या निबंधाच्या शीर्षकातच, ॲसिटिलकोलीनमुळे धमनीचा स्नायू शिथिल होण्यात अंतःस्तराच्या पेशींचे कार्य ‘अनिवार्य’ म्हटले आहे. सशाच्या महाधमनीचा अंतःस्तर घासून काढला की हे द्रव्य तिला सैल करीत नाही, उलट आकुंचित करते. मात्र अशा पट्टीला अंतःस्तरयुक्त पट्टी समोरासमोर चिकटवली की ती पुन्हा सैल पडते. प्रयोगाची ही साधी रचना आजही आदर्श वाटते.

परंतु ‘अनिवार्य’ म्हणजे ‘पुरेसे’ नव्हे. पेशी नसतील तर शिथिलता नाही, एवढेच येथे सिद्ध होते. पेशी परतल्या की शिथिलताही परतते, हा पुढील वाचकांचा तर्क मूळ विधानात नाही. फुग्याने धमनी रुंदावताना अंतःस्तर खरवडला जातो. शिमोकावा, व्हानहौट प्रभृतींनी १९८९ मध्ये डुकराच्या हृद्‌धमनीत दाखविले की, पेशींचा थर पुन्हा भरून आल्यावरही सेरोटोनिनला मिळणारा शिथिलतेचा प्रतिसाद क्षीणच राहतो, ब्रॅडिकायनिनला मिळणारा मात्र बव्हंशी टिकतो. सेरोटोनिन तर रक्तबिंबिकांतूनच बाहेर पडते. म्हणजे नेमक्या जखमेच्या जागी धमनी आखडण्याचा धोका उरतो. अशा थराला ‘पुनर्जनित’ म्हणणे (आपल्या परिभाषाकोशकारांना हा शब्द फार प्रिय) पेशींपुरते यथार्थ आहे, कार्यापुरते नाही.