भांडणाला जागा : ‘प्रभात’चे दोन चित्रपट आणि एक संचालक मंडळ

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांच्या बैठकांना मी दोन हंगाम निमंत्रित म्हणून बसलो. कायद्याप्रमाणे अशा कंपनीत पाच ते पंधरा संचालक असतात. इथे सगळेच एकमेकांचे सोयरे. ‘आपण घरचीच माणसं, मतभेद कायले लिहून ठेवाचे?’ असे कोणीतरी म्हणे आणि इतिवृत्तात दर वेळी ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच उमटे. तिसऱ्या हंगामात कापूस कोणाला द्यायचा यावरून दोघे बोलेनासे झाले. सभासदांचा कापूस पुन्हा खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर गेला.

त्या हिवाळ्यात मी ‘प्रभात’कडे वळलो. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच भागीदारांनी ही कंपनी काढली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, तर सीतारामपंत कुलकर्णी भांडवल उभे करणारे. कामेही वाटलेली : शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, बोलपट आल्यावर ध्वनी दामल्यांकडे. पुढे धायबर गेले, १९४२ साली शांताराम गेले, १९४५ साली दामले वारले. ही फाटाफूट सांगताना आपले लेखक बहुधा अहंकार आणि प्रेमप्रकरण या दोन खुंट्यांवर सगळे टांगतात. मला ते अपुरे वाटते. अहंकार १९२९ सालीही असणारच. तेव्हा तो कशामुळे आवरला गेला, हा खरा प्रश्न आहे.

‘संत तुकाराम’ (१९३६) पाहा. कंपनीत शांतारामांसारखा नावाजलेला दिग्दर्शक असताना हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. एरवी ध्वनी आणि नेपथ्य सांभाळणाऱ्यांच्या हाती कंपनीचा मोठा चित्रपट जाऊ शकत होता, हीच मोठी गोष्ट. चित्रपटातही मला तेच दिसते. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई विठ्ठलाशी भांडते, नवऱ्याशी भांडते, आणि भाकरी घेऊन डोंगरही चढते. पोरांच्या पोटाची तिची तक्रार खरी आहे. दिग्दर्शक तिला खलनायिका करत नाहीत, की शेवटी गप्पही बसवत नाहीत. ज्या घरात विरोध मोठ्याने बोलता येतो, ते घर चित्रपटभर टिकते.

‘शेजारी’ (१९४१) याच्या नेमका उलट. कथा अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचे. बुद्धिबळ खेळणारे दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान. धरण बांधायला आलेला परका माणूस संशय पेरतो. पिढ्यांचा स्नेह असूनही तो संशय समोरासमोर ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. मैत्री मुकी होते. दोघे पुन्हा भेटतात ते धरण फुटताना, मरणाच्या दारात. शांतारामांचा ‘प्रभात’मधला हा शेवटचा चित्रपट ठरला. चित्रपटावरून कंपनीची हिशेबवही वाचू नये, हे मला कळते. तरी हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

शांतारामांचे जाणे हा विश्वासघात होता, असे मला म्हणायचे नाही. बाहेर पडून त्यांनी ‘राजकमल’ उभारले, आणि मराठी माणसाला त्याचा अभिमानच आहे. माझे म्हणणे एवढेच की कामाची वाटणी ‘प्रभात’ने चोख केली होती, वाटणीबाहेरचा प्रश्न आला की शेवटचा शब्द कोणाचा, याची तितकीच चोख सोय मला या इतिहासात सापडत नाही. कामाच्या धबडग्यात ती उणीव झाकली गेली. यशाने एकच नाव मोठे केले, तेव्हा ती उघडी पडली.

आमच्या संचालकांना मी हे सारे सांगितले. एक जण हसून म्हणाला, ‘म्हणजे भांडाचं म्हणता?’ मी म्हटले, ‘भांडा, पण बैठकीत भांडा, आणि विरोध कोणाचा आणि का, ते इतिवृत्तात लिहा.’ पुढच्या बैठकीच्या पानावर ‘सर्वानुमते’ हा शब्द पहिल्यांदाच नव्हता. दोन नावे विरोधात होती. बैठक संपल्यावर ती दोन्ही माणसे आमच्याबरोबर चहाला थांबली.