आईपलीकडची बाई

२०२२ मध्ये झी कन्नडवर ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ सुरू झाली, तेव्हा म्हैसूरमधल्या मराठी घरांना तिची गोष्ट नवी नव्हती. सुधाराणी यांची तुळसी म्हणजे आपल्या ‘अग्गंबाई सासूबाई’तली आसावरी. निवेदिता सराफ यांनी २०१९ पासून झी मराठीवर उभी केलेली ही विधवा सासू सुनेच्या पुढाकारानं पुन्हा लग्न करते. मराठीतून कन्नडमध्ये गेलेली ही कल्पना साधी नव्हे. जिनं उरलेलं आयुष्य नातवंडं सांभाळण्यात घालवावं अशी अपेक्षा, तिच्या वाट्याला प्रेमकथा आली. १९८६ च्या ‘आनंद’मध्ये शिवराजकुमारांची कोवळी नायिका असलेल्या सुधाराणींना त्याच प्रेक्षकांनी या वयातही नायिका म्हणून स्वीकारलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

याआधीचा रिवाज वेगळा होता. भटकळच्या पंडरीबाई १९५४ च्या ‘बेडर कण्णप्पा’त राजकुमारांच्या नायिका होत्या. पुढे त्याच राजकुमारांच्या आईच्या भूमिका त्यांच्याकडे आल्या. नायक वर्षानुवर्षं तरुण राहिला, नायिका मात्र आई झाली. चिकोडीजवळच्या खडकलाटमध्ये जन्मलेल्या सुलोचनाबाईंचंही तेच. ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) पेलणाऱ्या या अभिनेत्रीला हिंदीनं जवळपास कायमचं आईच्या पदराखाली बसवलं. त्या माउल्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मुलगा घराबाहेर पडला, की या आईचं काय होतं? तिला कंटाळा येतो का, ती कोणावर चिडते का, तिच्या हातात चार पैसे असतात का, याची चौकशी पटकथेत कुणी केली नाही.

ती चौकशी ‘फणियम्मा’नं केली. एम. के. इंदिरा यांनी ही कादंबरी आपल्या घराण्यातल्याच एका बालविधवेच्या आयुष्यावरून लिहिली. मुलूख जुन्या म्हैसूर संस्थानातल्या मलनाडचा, तीर्थहळ्ळीच्या बाजूचा. १९८३ मध्ये प्रेमा कारंत यांनी तिच्यावर चित्रपट केला. एल. व्ही. शारदा यांची फणियम्मा म्हणजे केशवपन झालेली, एकवस्त्रा, घरभर राबणारी बाई. मराठी प्रेक्षकाला आलवणातली आत्या ओळखीची आहे. आपल्याकडे ती बहुधा कोपऱ्यात जपमाळ ओढताना दिसते, नाहीतर कटकट करताना. फणियम्मा तशी नाही. सोवळं बाजूला ठेवून ती खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईच्या बाळंतपणाला हात लावते आणि केशवपनाला नकार देणाऱ्या तरुण विधवेच्या बाजूनं उभी राहते. जिच्या डोक्यावर वस्तरा फिरला, तीच दुसरीचं डोकं वाचवते, आणि तेही भाषण न करता. कुणाची बायको किंवा आई म्हणून नव्हे, स्वतःच्या बुद्धीनं जगलेली म्हातारी आपल्या पडद्यावर इतकी पूर्ण क्वचितच उतरली असेल.

तिच्या जवळ जाणारी दुसरी म्हणजे गिरीश कासरवळ्ळी यांच्या ‘गुलाबी टॉकीज’मधली (२००८) गुलाबी. वैदेहींच्या कथेवरून आलेली, कुंदापूरकडच्या कोळी वस्तीतली ही मुसलमान सुईण. नवऱ्यानं टाकलेली, सिनेमाचं वेड असलेली. एका अडलेल्या बाळंतपणाला यावं म्हणून तिला डिश अँटेनासकट टीव्ही कबूल केला जातो, आणि मग तिच्या झोपडीत वस्तीतल्या बायका जमू लागतात. उमाश्री टीव्हीकडे ज्या अधाशी, लहान मुलीसारख्या आनंदानं बघतात, तो चेहरा विसरता येत नाही. प्रौढ बाईला सुखाची भूक असते आणि ती केवळ स्वतःसाठी असते, हे त्या नजरेतून कळतं. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच उमाश्री २०२१ पासून झी कन्नडच्या ‘पुट्टक्कन मक्कळु’मध्ये घराघरात पोचल्या. तीन मुलीच झाल्या म्हणून नवऱ्यानं दूर केलेली पुट्टक्का खाणावळ चालवून मुलींना वाढवते. बाई कष्टाळू, करारी आणि प्रेक्षकांची लाडकी. तरी गुलाबीच्या शेजारी ठेवली की ती अरुंद वाटते, कारण तिचं प्रत्येक पाऊल मुलींसाठी आणि तिचं प्रत्येक दुःख नवऱ्यामुळे. स्टार प्रवाहवरच्या ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीलाही (मधुराणी प्रभुलकर) कथेच्या मध्यभागी येण्यासाठी आधी नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाचा धक्का बसावा लागला. आसावरीच्या लग्नालाही सुनेचा हात लागला. मालिकांनी चाळिशी-पन्नाशीची बाई रोज रात्री मध्यभागी आणली, हे त्यांचं मोठं काम आहे. पण तिथं यायला तिच्यावर अन्याय झालेला असावा लागतो किंवा घरच्यांनी परवानगी द्यावी लागते. ज्या बाईचं कुणी वाईट केलेलं नाही, तिच्यावर शंभर भाग लिहायची हिंमत अजून कुणी दाखवलेली नाही.

मराठी चित्रपट या बाबतीत थोडा पुढे आहे. ‘झिम्मा’नं (२०२१) सात जणींना इंग्लंडला नेलं. त्यात सुहास जोशी आणि निर्मिती सावंत यांच्या बायका थट्टेचा विषय न होता प्रवासाचा जीव झाल्या. ‘बाईपण भारी देवा’नं (२०२३) मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी सहा बहिणी एकत्र आणल्या आणि बायका घोळक्यानं थिएटरात लोटल्या. त्यातली भांडणं मला मनापासून आवडतात, कारण पैशाची, हेव्याची आणि जुन्या अपमानांची भांडणं आपल्या घरातही अशीच होतात. पण नाचाची तयारी वेग धरते, तशी ती भांडणं फार लवकर मिटतात.

म्हणून मला ‘फोटो प्रेम’ (२०२१) जास्त जवळचा. नीना कुळकर्णी यांची सुनंदा कॅमेऱ्याला घाबरते. कुणाच्या तरी मृत्यूनंतर भिंतीवर लावायला धड फोटो सापडत नाही, हे बघून तिला काळजी लागते, की आपण गेल्यावर आपला चेहरा कुणाला आठवेल का. नवरा वाईट नाही, मुलगी वाईट नाही, घरात कुणी कटकारस्थान करत नाही. एका गृहिणीची स्वतःपुरती भीती आणि ती घालवण्यासाठी तिनं गुपचूप केलेली धडपड, एवढ्यावर आदित्य राठी आणि गायत्री पाटील यांनी अख्खा चित्रपट उभा केला. फोटो काढताना हसू आणायचा प्रयत्न करत नीनाताईंचा चेहरा जसा ताठरतो, तशा पाच-दहा सेकंदांसाठी मालिकेच्या रोजच्या धबडग्यात जागा काढता आली, तर पुट्टक्कालाही गुलाबीचे डोळे परत मिळतील. उमाश्रींकडे ते आहेतच.