‘पंचकाठिण्य’ आणि नावांचे समीकरण : पारंपरिक चिनी वैद्यकातील अर्भकांच्या शरीरताठरतेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

तान्ह्या बालकाचे अंग ताठ होणे हे लक्षण सर्वच प्राचीन वैद्यकपरंपरांनी नोंदविले आहे. बालक स्वतःची व्यथा सांगू शकत नाही. चिनी वैद्यकात बालरोगशाखेला ‘या ख’, म्हणजे मुक्यांची शाखा, असे म्हटले गेले ते याच कारणाने. वैद्याला वर्ण, स्पर्श, श्वास, रडणे आणि तर्जनीवरील शिरेचा रंग एवढ्याच आधारावर निर्णय घ्यावा लागे. अशा मर्यादित साधनांतून चिनी परंपरेने ताठरतेविषयी जो विचार उभा केला, तो निश्चितच अभ्यसनीय आहे. मात्र त्या विचाराचे आजचे वाचन बहुधा एका सोप्या समीकरणावर थांबते : जुने अमुक नाव म्हणजे आजचा तमुक रोग. हे समीकरण परंपरेवर अन्याय करते आणि रुग्ण बालकासाठीही धोक्याचे ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

‘ह्वांगदी नेईजिंग’ या प्राचीन ग्रंथात आकस्मिक ताठरतेचा संबंध वाऱ्याशी, म्हणजे ‘फंग’शी, जोडलेला आहे. यकृत स्नायुबंधांचे नियमन करते आणि वारा यकृताशी निगडित असतो, हा त्यामागील विचार होय. इ. स. ६१० मध्ये छाओ युआनफांग याच्या नावे सिद्ध झालेल्या रोगकारणविषयक ग्रंथात शरीर मागे वाकून ताणलेल्या धनुष्यासारखे होण्याच्या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे. मराठी वाचकाला येथे ‘धनुर्वात’ हा आपला शब्द सहज आठवेल. धनुष्य आणि वारा या दोन्ही प्रतिमा दोन्हीकडे आढळाव्यात हे लक्षणीय आहे. तथापि साम्य येथेच थांबते. आयुर्वेदातील वात हा शरीरातील दोष आहे. चिनी ‘फंग’ हा मुळात बाहेरून आघात करणारा घटक असून पुढे त्याच्या आंतरिक रूपाचीही कल्पना मांडली गेली. शब्द जुळले म्हणून संकल्पना जुळतातच असे नाही, ही सावधगिरी प्रारंभीच बाळगणे आवश्यक ठरते.

सुंग राजवटीतील छ्येन यी (सुमारे १०३२–१११३) याने बालरोगशास्त्राला स्वतंत्र अधिष्ठान दिले. त्याची शिकवण येन श्याओचुंग याने १११९ मध्ये ग्रंथरूपाने संकलित केली. आकडीचे तीव्र व मंद असे दोन प्रकार करून पहिल्यासाठी शीतल आणि दुसऱ्यासाठी उष्ण व पोषक उपचार त्याने सांगितले. एकाच बाह्य लक्षणामागे परस्परविरुद्ध अवस्था असू शकतात, हे त्याने ओळखले होते. पुढे मिंग काळातील वान छ्युआन याने बालकात यकृताचे आधिक्य आणि प्लीहेचे दौर्बल्य असते असा सिद्धांत मांडला. ताठरतेच्या नंतरच्या विवेचनात याच दोन अवयवांचा संघर्ष वारंवार येतो.

‘वू यिंग’ : संकल्पनेचे स्वरूप

विकासातील विकृतींसाठी चिनी ग्रंथांत तीन पंचके आढळतात : ‘वू छी’ (पाच प्रकारचे विलंब), ‘वू रुआन’ (पाच प्रकारची शिथिलता) आणि ‘वू यिंग’ (पाच प्रकारचे काठिण्य). सोळाव्या शतकाच्या मध्यास श्वे खाई व श्वे जी या पितापुत्रांच्या ‘बाओ यिंग त्सुओ याओ’ या ग्रंथात पंचकाठिण्याचे वर्णन येते. बालक मान वर करून कष्टाने श्वास घेते, त्याला हालचाल करणे अवघड जाते, छातीपर्यंत वेदना पोहोचते आणि तळहात व तळपाय थंड व कठीण होतात, असा त्याचा आशय आहे. हातापायांच्या टोकांपर्यंत यांग-ऊर्जेचे पोषण न पोहोचणे हे कारण सांगितले असून अशी अवस्था दुःसाध्य मानली आहे. पोटावरील शिरा निळ्या व ताणलेल्या दिसल्यास काष्ठतत्त्वाने, म्हणजे यकृताने, पृथ्वीतत्त्वाच्या, म्हणजे प्लीहेच्या, स्थानावर आक्रमण केले असे समजून आले, दालचिनी इत्यादी उष्ण द्रव्ये योजण्यास सांगितले आहे.

हे वर्णन आपल्या चौकटीत सुसंगत आहे. थंडपणा, काठिण्य, यांगचा अभाव आणि उष्ण उपचार ही साखळी तर्कशुद्ध आहे. प्रश्न उद्भवतो तो या वर्णनाला आधुनिक रोगनाम चिकटविताना.

समीकरणाची समस्या

१९५६ मध्ये बेजिंग, शांघाय, ग्वांगझौ व छंगदू येथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये स्थापन झाली आणि त्यानंतर प्रमाण पाठ्यपुस्तकांची परंपरा सुरू झाली. या पाठ्यपुस्तकी लेखनात जुन्या नावासमोर आधुनिक नाव मांडण्याची पद्धत रूढ झाली. पंचकाठिण्याबाबत याचा परिणाम विलक्षण आहे. नवजात बालकाची त्वचा व तिच्याखालील मेद थंडीने कठीण होण्याच्या विकाराला ‘वू यिंग’ म्हटले जाते, आणि मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठरणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या संदर्भातही हेच नाव वापरले जाते.

हे दोन विकार मूलतः भिन्न आहेत. पहिल्यात कठीण होतो तो मेद. तो प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या, शरीराचे तापमान घसरलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बालकांत दिसतो आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. दुसऱ्यात स्नायूंचा ताण वाढतो. मेंदूची इजा आधीच झालेली असते आणि ताठरता कित्येक महिन्यांत हळूहळू प्रकट होते. अशी अनेक बालके प्रारंभी शिथिल असतात. म्हणजे एकच बालक आधी ‘वू रुआन’ आणि नंतर ‘वू यिंग’ या वर्गात पडू शकते. श्वे पितापुत्रांच्या वर्णनातील थंड हातपाय पहिल्या विकाराकडे निर्देश करतात, तर वर केलेली मान आणि अवघड हालचाल दुसऱ्याकडे. मूळ वर्णन यांपैकी कोणत्याही एका बाजूने निर्णायक साक्ष देत नाही. निर्णय वाचक करतो आणि श्रेय ग्रंथाला देतो.

आधुनिक रोगनाम तरी स्थिर असते काय? विल्यम लिटल याने १८६२ मध्ये बालकांच्या ताठरतेचा संबंध कष्टप्रसूतीशी व श्वासावरोधाशी जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड याने त्यावर आक्षेप घेतला आणि कष्टप्रसूती हेच कधीकधी गर्भावस्थेतील दोषाचे लक्षण असू शकते असे सुचविले. समीकरणाची उजवी बाजूही अशी इतिहासात बदलत आलेली आहे.

परंपरेतील अंतर्गत टीका

पाठ्यपुस्तकी समीकरणात परंपरेतील वाद लुप्त होतात, ही अधिक खेदाची बाब होय. सतराव्या शतकात यू छांग याने आकडीसाठी रूढ असलेल्या ‘जिंग फंग’ (भयवात) या नावावरच आक्षेप घेतला. १७५० मध्ये छन फूझंग याने ‘यौ यौ जी छंग’ या ग्रंथात हे नाव नाकारून आकडीचे नवे वर्गीकरण मांडले. एका सैल नावाखाली भिन्न विकार एकत्र केले की उपचार चुकतो, ही त्याची भूमिका होती. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्यामुळे परंपरेला परका नाही.

परंपरेतील सर्वांत फलदायी क्षण सिद्धांतापेक्षा निरीक्षणाला महत्त्व दिल्याने आला, असे म्हणता येईल. जन्मानंतर चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास जबडा आवळून येणाऱ्या ‘छी फंग’ (नाभिवात) या विकाराची तुलना ११५६ च्या एका बालरोगग्रंथाने प्रौढांना जखमेतून होणाऱ्या वातविकाराशी केली आणि नाळेच्या जखमेला डाग देण्याचा उपाय सांगितला. धनुर्वाताचा जंतू १८८४ मध्ये निकोलायर याने दाखविला आणि १८८९ मध्ये कितासातो याने तो शुद्ध स्वरूपात वाढविला. त्याच्या सातशे वर्षे आधी नाळेची जखम हे प्रवेशद्वार ओळखले गेले होते. मात्र कारण ‘वारा’ हेच राहिल्याने निर्जंतुकीकरणाची कल्पना त्यातून निघाली नाही. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मान्यता चीनला २०१२ मध्ये आणि भारताला २०१५ मध्ये मिळाली, ती मातेचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे.

याउलट उदाहरण छ्येन यीच्या चरित्रात आढळते. राजपुत्राची आकडी त्याने पीतमृत्तिकेच्या काढ्याने थांबविली आणि पृथ्वीतत्त्वाने जलतत्त्व आवरले, त्यामुळे काष्ठ शांत होऊन वारा थांबला असे स्पष्टीकरण दिले, अशी नोंद आहे. एका रुग्णाच्या बरे होण्याने सिद्धांत सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ आकड्या आपोआपही थांबतात. आकडीवरील जुन्या योगांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असे, हेही विसरता येत नाही. शिवाय शिथिलता व विलंब यांचे कारण मातापित्यांच्या सत्त्वाच्या न्यूनतेत शोधल्याने दोषाचा भार कुटुंबावर पडतो.

आपल्या अभ्यासासाठी बोध

हा प्रश्न केवळ चीनपुरता नाही. काश्यपसंहितेतील ‘फक्क’ या विकाराचे समीकरण कोणी मुडदुसाशी, कोणी कुपोषणाशी, तर कोणी सेरेब्रल पाल्सीशी मांडतात. वास्तविक संहितेने क्षीरज, गर्भज व व्याधिज असे भेद करून कारणांची अनेकता मान्य केलेली आहे. एकाच आधुनिक नावाचा आग्रह धरणारा अभ्यासक संहितेपेक्षा मागे जातो.

समारोप

चिनी वैद्यकातील ताठरतेच्या विचारात सूक्ष्म निरीक्षण, लक्षणांमागील भिन्न अवस्थांची जाण आणि नावांविषयीची निकोप शंका हे तीन गुण आढळतात. पंचतत्त्वांच्या भाषेतील कार्यकारणभाव मात्र निदानाचा आधार होऊ शकत नाही. थंडीने कठीण झालेल्या बालकाला ऊब, ज्वरासह मान ताठरलेल्या बालकाला मेंदूज्वराच्या शंकेने तत्काळ रुग्णालय, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाला शक्य तितक्या लवकर पुनर्वसन आवश्यक असते. या तिघांना एकच नाव देणे म्हणजे किमान दोघांचा उपचार हुकविणे होय. म्हणून ‘वू यिंग’ ही संज्ञा तिच्या काळात व तिच्या ग्रंथातच वाचावी, आणि समोरच्या बालकाचे निदान त्याच्या तपासणीवरून करावे. इतिहास आणि उपचार या दोन्ही क्षेत्रांची प्रतिष्ठा या विवेकातच आहे.