ठराव सर्वानुमते मंजूर

मागल्या पावसाळ्यात बँकेच्याच पायरीवरून घसरून मी पाय मोडून घेतला आणि तीन आठवडे प्लास्टरसकट घरी पडून राहिलो. या काळात बँकेचं माझ्यावाचून काहीही अडलं नाही, ही त्यातली खरी दुखापत. घरच्यांचं मात्र माझ्यामुळे बरंच अडू लागलं. तेव्हा एके दिवशी चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, आता तुम्ही 'स्टार वॉर्स' बघाच."

पहिला वाद क्रमावरून झाला. त्याचं म्हणणं, आधी १९७७ चा सिनेमा बघायचा आणि १९९९, २००२, २००५ चे तीन नंतर, कारण जग त्याच क्रमानं बघत आलं. मी विचारलं, "कथेत आधी काय घडतं?" तो म्हणाला, "१९९९ वालं." म्हटलं, "मग तेच लाव. नोंदी तारखेप्रमाणेच झाल्या पाहिजेत." सर्व्हर डाऊन असल्याचं सांगितल्यावर गिऱ्हाईक माझ्याकडे जसं बघतं, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लावलं.

काळ्या आभाळात सोनेरी अक्षरं वर चढू लागली. मला वाटलं, आता राक्षस, राजकन्या, शाप, असलं काहीतरी येणार. तर मजकूर काय? व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद! मी प्लास्टरसकट उठून बसलो. या मजकुराची त्या काळी लोकांनी खूप टिंगल केली म्हणे. पैसे मोजून थेटरात यायचं ते कराची भानगड वाचायला का, असं त्यांचं म्हणणं. अहो, मी सेकंड क्लास बी.कॉम. आहे. आजवर एकाही सिनेमावाल्यानं माझ्याशी माझ्या विषयावर बोलायची तसदी घेतली नव्हती.

आणि मंडळी, तिथून पुढे जे काही घडतं ते सगळं नियमाला धरून घडतं, हे मी फाइली हाताळण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून खात्रीनं सांगतो. व्यापारी महासंघ नाबू नावाच्या ग्रहाची नाकेबंदी करतो. ग्रहाची तरुण राणी राजधानीच्या सभागृहात दाद मागायला जाते. (राणीचं नाव पद्मे. संगीत नाटकातल्या नायकानं दोन्ही हात पसरून हाक मारावी असं!) तिच्याच ग्रहाचा प्रतिनिधी पॅल्पटीन तिच्या कानाशी लागतो, की अध्यक्ष दुबळा आहे, खरी सत्ता कारकून मंडळींच्या हातात आहे, तू अविश्वासाचा ठराव आण. ती आणते. ठराव मंजूर होतो. सहानुभूतीच्या लाटेवर पॅल्पटीन अध्यक्ष होतो. तलवार नाही, रणगाडा नाही, रीतसर सूचना आणि रीतसर मतदान.

दुसऱ्या भागातला प्रसंग तर कुठल्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत खपून जाईल. काही ग्रह फुटून निघालेत, युद्ध तोंडावर आलंय, अध्यक्षांना तातडीचे विशेष अधिकार द्यायला हवेत. पण सूचना मांडायची कुणी? ठामपणे विरोध करणारी पद्मे सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरगावी. तिच्या जागी बसलेला जार जार बिंक्स हा लांब कानांचा, सदा धडपडणारा, भाबडा जीव उभा राहतो आणि मोठ्या अभिमानानं सूचना मांडतो. टाळ्या! अध्यक्ष गहिवरून सांगतात की संकट टळलं की अधिकार परत. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या मथळ्याखाली काय काय मंजूर होऊन जातं, हे ज्यानं सभेत बसून वेफर्स खाताना पाहिलंय, त्याला या प्रसंगाचं काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा ठराव असाच झाला. सूचक मी होतो.

एक गोष्ट मात्र व्यवसायामुळे खटकली. युद्ध सुरू व्हायच्या आतच कमीनो नावाच्या पावसाळी ग्रहावर दोन लाख सैनिक तयार, दहा लाख वाटेवर. दहा वर्षांपूर्वी ऑर्डर नोंदवली गेलेली. ज्यानं ती दिली म्हणतात तो जेडाय मरून गेलेला. तपासाला गेलेला जेडाय, ओबी-वान, भला माणूस आहे, लढतो छान, पण सबंध सिनेमात एकदाही विचारत नाही की पैसे कुठल्या खात्यातून गेले? व्हाउचर दाखवा! एवढा एक प्रश्न कुणी नेटानं विचारला असता तर मला वाटतं साम्राज्य तिथंच अडलं असतं. मी हे मोठ्यानं बोललो तेव्हा चिरंजीवांनी प्रथमच माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं आणि त्याच काळावरच्या कार्टून मालिकेतले २०१४ सालचे तीन भाग मला मुद्दाम दाखवले. त्यात ताऱ्यांच्या दुनियेतली सगळ्यात मोठी बँक येते. तिच्या तिजोऱ्या उघडून बघतात तर रिकाम्या! पुढे बऱ्याच उलाढाली होतात आणि शेवटी ती बँक जाते कुणाच्या ताब्यात? अध्यक्षांच्या. हेही सभागृहाच्या संमतीनंच. तीन भाग बघेस्तोवर सौ.नं आणून ठेवलेला चहा निवून गेला.

तिसऱ्या भागात तो गृहस्थ साम्राज्याची घोषणा करतो तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं, आणि पद्मे कडू तोंडानं त्या टाळ्यांबद्दलच बोलते. या सगळ्याचं बीज व्हिएतनामच्या काळात आणि निक्सनमध्ये आहे, असं जॉर्ज लुकासनं २००५ साली कान महोत्सवात सांगितलं होतं. त्याला आणखी मागे जाता आलं असतं. २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेनं हिटलरला कायदे करायचे अधिकार दिले ते ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. मोजणी चोख, बेरीज बरोबर. आमचे वडीलही बँकेतच होते. १९७५ सालची गोष्ट निघाली की ते आजही हटकून सांगतात, "पण गाड्या वेळेवर यायच्या हो!"

इथपर्यंत मी लुकासवर खूश होतो. प्रेमप्रसंग वगळून. नायक नायिकेला एकांतात गाठून वाळू आपल्याला का आवडत नाही ते समजावून सांगतो. आमच्या थकबाकीच्या नोटिशीतसुद्धा याहून जास्त ओलावा असतो.

खूश नाही ते दुसऱ्या बाबतीत. सत्ता कशी जाते हे या माणसाला नेमकं कळतं, पण कोण कुणाला कमी लेखतं हे सांगताना त्याची तारांबळ उडते. सुरुवात छान करतो. नाबूवर दोन जाती राहतात, वर महालात माणसं आणि खाली पाण्यात गंगन. दोघांचा बोलण्याचालण्याचा संबंध नाही. ही वरची माणसं स्वतःला फार शहाणी समजतात, असं गंगनांचा राजा चिडून म्हणतो. अखेर राणी त्याच्यापुढे गुडघे टेकते तेव्हा त्याचा राग क्षणात विरघळतो. मला हा प्रसंग मनापासून आवडला. पण पुढे काय होतं बघा. तह झाल्या झाल्या गंगनांना काम काय मिळतं? उघड्या माळावर यंत्रसैनिकांना अंगावर घ्यायचं, म्हणजे तेवढ्यात राणीची माणसं मागल्या बाजूनं महालात शिरतील. मरायला तुम्ही, महाल आमचा. लुकासला यात काही वावगं दिसल्याचं जाणवत नाही. शेवटी मिरवणूक निघते, सगळे हसतात.

बोलण्याच्या धाटणीबद्दल तर १९९९ सालीच अमेरिकेत ओरड झाली. लबाड व्यापाऱ्यांचं इंग्रजी पूर्वेकडच्या आशियाई लोकांच्या नकलेसारखं, लांब नाकाचा पैसेखाऊ दुकानदार ज्यूंच्या जुन्या व्यंगचित्रांतून उठून आलेला, जार जारची बोली कॅरिबियन काळ्या लोकांची टवाळी करणारी, असे ते आक्षेप होते. कंपनीनं ते नाकारले. हेतू नसेलही. हेतू नसतो म्हणूनच तर असल्या गोष्टी इतक्या सहज होतात. हीच मंडळी पुढे साम्राज्य आलं म्हणून हळहळतात. आणि प्रेक्षक? त्यांनी जार जारचा एवढा दुस्वास केला की ती भूमिका करणाऱ्या अहमद बेस्टच्या मनात त्या काळात जीव द्यायचे विचार आले होते. हे त्यानं स्वतः २०१८ साली सांगितलं. २०२३ मध्ये त्याला याच दुनियेतल्या एका मालिकेत एका तान्ह्या जिवाला वाचवणाऱ्या जेडायची भूमिका मिळाली. बघून मला फार बरं वाटलं. कारण १९९९ साली हसणाऱ्यांत आपण नव्हतो, याचं श्रेय एवढंच की आपण तो सिनेमाच पाहिला नव्हता.

मग १९७७ चा मूळ सिनेमा पाहिला. आता नजर तयार झाली होती. गुत्त्याचा मालक यंत्रमानवांना दारातच अडवतो, असले इथं चालत नाहीत म्हणतो, आणि आपला सज्जन नायक काय करतो? हुज्जत न घालता त्यांना बाहेर थांबायला सांगतो! केसाळ च्युबाका सगळ्यांच्या बरोबरीनं जीव धोक्यात घालतो आणि शेवटच्या समारंभात पदकं दोघाच माणसांच्या गळ्यात. त्याला पदक मिळालं ते २०१९ च्या सिनेमात. बेचाळीस वर्षांची थकबाकी, तीही बिनव्याजी. साम्राज्याचे अधिकारी सगळे गोरे पुरुष दाखवले की त्यांचं वाईटपण ठसतं. सज्जनांच्या घरातलं मात्र कॅमेऱ्याच्या नकळत दिसत राहतं. याच सिनेमात सभागृह बरखास्त झाल्याची बातमी येते तेव्हा एक अधिकारी विचारतो, की मग नोकरशाहीवाचून बादशहा कारभार कसा चालवणार? उत्तर मिळतं, भीतीनं. सबंध सिनेमातला शहाणा प्रश्न तेवढा एकच, आणि उत्तर चुकीचं. भीती दाखवायची तरी आदेश टाइप कोण करणार?

त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर यायला २०२२ साल उजाडलं. 'अँडोर' नावाची मालिका. दुसरा भाग २०२५ मध्ये आला. कर्ता टोनी गिलरॉय. लुकासच्या सिनेमांत सगळं एका बुरखेवाल्या म्हाताऱ्याचं कारस्थान असतं. दोन्ही बाजू तोच लढवतो, त्यामुळे टाळ्या वाजवणारे आपोआप निर्दोष सुटतात. बिचारे फसले! 'अँडोर'मध्ये तो म्हातारा एकदाही पडद्यावर येत नाही. येतात त्या बैठका. अशाच एका बैठकीत ठरतं की गोरमन ग्रहाच्या पोटातलं खनिज हवंय आणि ते काढलं तर ग्रह उरणार नाही. मग आधी काय करायचं? गोरमनचे रेशीम विणणारे लोक आखडू आहेत, स्वतःला शहाणे समजतात, ही हवा पसरवायची. दुजाभाव हा इथं कुणाच्या मनातला रोग नाही, कामकाजातला एक विषय आहे. मग दोन वर्षांनी भर चौकात त्यांना गोळ्या घातल्या तरी लोक म्हणणार, त्यांचंच काहीतरी चुकलं असेल.

या मालिकेत सिरिल कार्न नावाचा एक कारकून आहे. कारकून! प्रमाण-मापांच्या खात्यात, एकसारख्या शेकडो खोपट्यांपैकी एकात बसणारा, मामानं चिकटवलेला, आईची बोलणी खाणारा, आणि गणवेश स्वतःच्या खर्चानं नीट करून घेणारा. दुष्ट नाही हो. त्याला फक्त शिस्त आवडते. अँडोर हा माणूस गुन्हेगार आहे या विश्वासावर तो वर्षानुवर्षं त्याच्या मागे असतो. गोरमनवर त्याची नेमणूक होते, सांगितलेलं काम तो चोख करतो आणि आपण कशाला हातभार लावला हे त्याला त्या चौकात कळतं. तिथंच अँडोर समोर येतो. दोघांची झटापट होते आणि अँडोर त्याला विचारतो, तू कोण?

मी चिरंजीवांना तिथं थांबवायला सांगितलं. पाय ठणकतोय, म्हटलं.

सोळा वर्षांपूर्वी मी एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. कालव्यापलीकडच्या वस्तीतून अर्ज आला की कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक खूण करायची, असं साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. नाकारायचा नाही. फक्त खूण. खूण असलेला अर्ज गठ्ठ्यात आपोआप खाली जायचा. त्या लोकांची वसुली होत नाही, असं सगळेच म्हणत. मी एकदाही लेजर उघडून बघितलं नाही. मी, ज्यानं कमीनोचं व्हाउचर मागितलं! एक बाई शिवणयंत्राच्या कर्जासाठी चार वेळा आल्या. पासबुक स्वच्छ होतं. चारही वेळा मी "साहेब रजेवर आहेत" म्हणालो, त्यातल्या तीन वेळा साहेब आत डबा खात होते. चौथ्यांदा त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं नाव काय म्हणायचं?" मी पुढच्या टोकनचा नंबर पुकारला.

प्लास्टर निघाल्यावर कामावर रुजू झालो तेव्हा कर्जविभागातल्या तरुण सहकाऱ्याला सहज विचारलं, हल्ली अशा खुणा वगैरे करता का? तो हसला. म्हणाला, "पेन्सिल कोण वापरतं आता? पिनकोड टाकला की ते आपोआप खाली जातं."

"कुठला पिनकोड?" मी विचारलं.

त्यानं मला यादी दाखवली. ती पाठ नाही त्याला; आणि कुणी केली तेही त्याला माहीत नाही.