केवळ भिन्नता की उणीव? : एलिझाबेथ बार्न्स यांचा अपंगत्वविचार

अपंगत्व हा विषय आपण समाजकार्य, विशेष शिक्षण आणि फार तर कायदा या शाखांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो आलाच तर दयामरणाच्या किंवा गर्भपाताच्या प्रश्नाला जोडून, उदाहरणादाखल येतो. एलिझाबेथ बार्न्स यांनी मात्र त्याला सत्ताशास्त्राच्या केंद्रस्थानी आणले. अनिश्चितता आणि संदिग्धता या सत्ताशास्त्रीय प्रश्नांवरील लेखनामुळे त्या आधीच परिचित होत्या. शिवाय त्या स्वतः अपंग आहेत आणि तसे उघडपणे सांगतात. ऑक्सफर्डने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘द मायनॉरिटी बॉडी’ या ग्रंथाचा विचार येथे करावयाचा आहे.

शारीरिक अपंगत्व ही ‘केवळ भिन्नता’ आहे, ‘वाईट भिन्नता’ नव्हे, हे ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन. अपंगत्वात त्रास नसतो असे बार्न्स म्हणत नाहीत. काही गोष्टींना मुकावे लागते हे त्यांना मान्य आहे. पण पुरुषही गर्भधारणेला मुकतो, म्हणून पुरुषदेह सदोष ठरत नाही. समाज पूर्ण न्याय्य झाला तरी अपंगत्व आपल्या स्वरूपानेच माणसाचे जीवन निकृष्ट करील काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि उत्तर नकारार्थी आहे.

या उत्तराला आधार आहे तो अपंग व्यक्तींच्या साक्षीचा. आपले जीवन आपल्याला मोलाचे वाटते असे अपंग माणूस सांगतो तेव्हा ऐकणारा त्यावर विश्वास ठेवत नाही. ‘बिचारा मन मारून जगतो आहे’ असे म्हणतो. या अविश्वासाला तात्त्विक बळही मिळते. वंचित माणूस मिळेल त्यात समाधान मानू लागतो, म्हणून समाधान हा सुस्थितीचा पुरावा नव्हे, हा अमर्त्य सेन यांचा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. दारिद्र्याच्या संदर्भात तो बिनतोड आहे. अपंगांना तो सरसकट लावणे म्हणजे निष्कर्ष आधीच गृहीत धरणे होय, हा बार्न्स यांचा आक्षेप रास्त वाटतो. आपल्याकडे तर सेन यांच्याही आधीपासून ‘भोग’ हा शब्द हजर आहे. अपंग माणूस रडला तर प्रारब्ध, हसला तर प्रारब्ध स्वीकारले! नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन पुष्कळांनी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून वाचले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या लेखिकेने कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘जिद्द’ या शब्दातच अपंगत्व हा अडथळा असून जीवन त्याच्या पलीकडे आहे, हे गृहीत असते. बार्न्स वाचल्यानंतर ते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते.

ग्रंथाची दुसरी बाजू व्याख्येची आहे, आणि तेथे प्रस्तुत लेखकाचे समाधान होत नाही. अपंगत्व म्हणजे काय? अपंग हक्क चळवळ न्यायासाठी ज्या शरीरस्थितींना आपल्या मानते, किंवा स्वतःच्या निकषांनुसार तिने ज्यांना आपल्या मानले पाहिजे, त्या स्थिती, असे बार्न्स यांचे थोडक्यात म्हणणे. भारतात हा क्रम उलटा आहे. येथे यादी आधी शासन करते. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. चळवळीची वर्तुळेही बऱ्याच अंशी या याद्यांभोवतीच आखली गेली. शिवाय चाळीस टक्क्यांची रेषा आहे. नाशिक जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयांत परीक्षेच्या काळात लेखनिकाचा अर्ज येतो तेव्हा आपण प्रमाणपत्रावरील आकडाच प्रथम पाहतो. अपंगत्व ही देहात साठलेली, मोजता येणारी राशी आहे, हा एक सत्ताशास्त्रीय सिद्धान्तच आपण त्या क्षणी नकळत मान्य करतो.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या खटल्यात हा सिद्धान्त नाकारला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला केवळ चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ, चाळीस टक्के व त्याहून अधिक अपंगत्वापुरती होती. या निर्णयानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये कमी टक्केवारीच्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र तत्त्वे आली. न्यायालयाने ना राशी पाहिली, ना चळवळीची मान्यता. हात आणि उत्तरपत्रिका यांचा संबंध पाहिला. बार्न्स यांच्या व्याख्येपेक्षा ही दृष्टी अधिक फलदायी आहे, कारण चळवळीच्या निकषांपर्यंत ज्याचा विकार अद्याप पोहोचलेला नाही, त्या एकट्या माणसालाही ती सामावून घेते.

अखेरचा आक्षेप अधिक अवघड आहे. अपंगत्व केवळ भिन्नता असेल तर पोलिओची लस का द्यावी? बार्न्स म्हणतात, संमतीवाचून दुसऱ्याच्या देहात ढवळाढवळ करणे गैर आहे आणि स्थित्यंतराचीही किंमत असते. परंतु पाळण्यातल्या मुलाला कसले स्थित्यंतर? आणि लस ही तरी ढवळाढवळ नव्हे काय? २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला, याचा आनंद पोलिओने पांगळ्या झालेल्या माणसांनाही झाला असणार. तो आनंद म्हणजे त्यांचा आत्मद्वेष नव्हे. पोलिओ हा प्राणघातक रोग आहे, असे उत्तर देता येईल; पण मग रोग आणि अपंगत्व यांच्यात रेषा ओढावी लागते. २०२३ च्या ‘हेल्थ प्रॉब्लेम्स’ या ग्रंथात बार्न्स याच प्रश्नाकडे वळल्या. आरोग्याच्या संकल्पनेकडून आपल्या अपेक्षा इतक्या परस्परविरोधी आहेत की सर्वांना पुरी पडणारी सुसंगत व्याख्या संभवत नाही, या निष्कर्षाला त्या आल्या. ही प्रामाणिक कबुली आहे. मात्र तिच्यामुळे २०१६ च्या ग्रंथातील ती रेषा अधिकच पुसट झाली आहे.