फिलिस व्हीटलीची वंशावळ कोणी सांगितली?

आज एका बाईच्या कुळाचा शोध घेऊ. बाई म्हणजे फिलिस व्हीटली, वसाहतकाळातल्या अमेरिकेतली कवयित्री.

१७६१ च्या जुलैत आफ्रिकेतून गुलाम घेऊन आलेलं एक जहाज बोस्टनला लागलं. त्यात सातेक वर्षांची एक मुलगी होती. वय कशावरून ठरवलं? पुढचे दुधाचे दात पडले होते त्यावरून. जॉन व्हीटली नावाच्या व्यापाऱ्यानं तिला बायकोच्या दिमतीला विकत घेतलं. जहाजाचं नाव फिलिस, म्हणून मुलीचं नावही फिलिस. आडनाव मालकाचं. म्हणजे बघा, ज्या नावापासून वंशावळ मांडायची, तेच मुळी जहाजाचं!

१७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला छापून आला. १७८४ मध्ये ती वारली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८३४ मध्ये, मार्गारेटा ओडेल यांनी तिचं छोटं चरित्र लिहिलं. पुढे कितीतरी अभ्यासक त्याच्यावरच विसंबून राहिले. त्यात दोन गोष्टी ठसवलेल्या आहेत. एक, मायदेशाचं तिला काही आठवत नव्हतं. आई रोज उगवत्या सूर्यासमोर पाणी ओतायची, एवढंच आठवायचं. दोन, तिचा नवरा जॉन पीटर्स कुचकामी निघाला आणि तिची दैना झाली.

आता आपले नैयायिक काय विचारतील? सांगणारा आप्त आहे का? आप्त म्हणजे विश्वासार्ह साक्षीदार. पण मराठीत आप्त म्हणजे नातेवाईकसुद्धा. ओडेलबाई स्वतःला नातेवाईक म्हणवतात, पण मालकिणीच्या! माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मालकाच्या गोतावळ्यातली व्यक्ती सांगते की मुलीला मागचं काही आठवत नव्हतं, आणि तिच्या हालाला जबाबदार कोण, तर तिचा काळा नवरा. हे कोणाच्या सोयीचं आहे?

कवयित्री ऑनोरे फॅनॉन जेफर्स यांनी २०२० साली ‘द एज ऑफ फिलिस’ या पुस्तकात ही साक्ष उलटतपासणीला घेतली. २०२१ मध्ये कॉर्नेलिया डेटन या इतिहासकार बाईंनी कोर्टाचे जुने कागद तपासले. त्यांत १७८० ते १७८३ या काळात हे जोडपं बोस्टनबाहेर मिडलटनला राहताना दिसतं, आणि पीटर्स शेतजमिनीसाठी कज्जे लढताना दिसतो. चरित्रातल्या नवऱ्याहून हा माणूस बराच वेगळा आहे.

आणि स्वतः फिलिस? लॉर्ड डार्टमथला उद्देशून लिहिलेल्या कवितेत आपल्याला पळवून आणलं तेव्हा वडिलांच्या काळजाला काय वेदना झाल्या असतील, असं ती विचारते. वडील! ओडेलच्या चरित्रातल्या आठवणीत त्यांना जागाच नाही.

मग ओडेल रद्दीत टाकायची? तिथेच अडचण आहे. आईची ती एकमेव आठवण आपल्याला ओडेलच्याच हातून मिळते. (ती ऐकून आपल्याकडे लगेच अर्घ्य आठवतं. तो मोह आवरा, तिचा धर्म आपण परस्पर ठरवू नये.) मला वाटतं, ‘आई पाणी ओतायची’ हे जपून ठेवावं, ‘एवढंच आठवायचं’ हे नाकारावं. पहिल्यात एका मुलीची आठवण आहे, दुसऱ्यात सांगणारीचा निवाडा.

आपल्याकडे अनुपलब्धीचा एक नियम आहे. जे असतं तर दिसलंच असतं, ते दिसलं नाही तरच ‘नाही’ म्हणावं. व्यापाऱ्याच्या वहीत आईबापांची नावं दिसणारच नव्हती. त्या वहीत माणसं नव्हती, माल होता. तेव्हा कागदावर नाव नाही म्हणून कुळ नव्हतं असं म्हणणं, हा विकणाऱ्याचाच हिशेब पुढे चालवणं झालं.

आज इथेच थांबतो.