गुप्त औषधें आणि उघडा बटवा

वाङ्मयविचाराला वाहिलेल्या मासिकांत औषधांच्या बाटल्यांची चर्चा करावी, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत (१८३७–१९०१) जें गद्य सरदाराच्या वाड्यापासून मजुराच्या खोलीपर्यंत पोंचलें, त्यांत पेटंट औषधांच्या जाहिरातींचें गद्य अग्रभागीं होतें. तें कोणी वाङ्मय म्हणून वाचलें नाहीं; म्हणूनच त्याची परीक्षाही कोणी केली नाहीं. औषधाच्या गुणाची परीक्षा वैद्यानें करावी, हें खरें. पण ज्या शब्दांच्या जोरावर तें विकलें जातें, त्या शब्दांची परीक्षा करणें हें टीकाकाराचें काम आहे आणि तें त्यानें टाळूं नये, असें आमचें मत आहे.

प्रथम नांवाचाच विचार करूं. पेटंट म्हणजे मुळांत राजानें दिलेलें उघडें पत्र. शोधकानें आपली कृति जगापुढें मांडावी आणि त्याच्या मोबदल्यांत ठराविक वर्षें तिचा लाभ त्यानें एकट्यानें घ्यावा, असा हा करार. परंतु ‘पेटंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांच्या मालकांनीं असें पत्र कधीं घेतलेंच नव्हतें. कारण तें घ्यावयाचें तर कृति सांगावी लागली असती. शिवाय इंग्लंडांत १७८३ पासून अशा औषधांवर स्टँपाचा कर असे. डबीवर चिकटविलेलें तें कराचें तिकीट भोळ्या गिऱ्हाइकास सरकारची शिफारस वाटे. उघडेपणा दाखविणारा शब्द गुप्ततेचें नांव झाला आणि कराची पावती गुणाची ग्वाही झाली! भाषेचा एवढा विपर्यास सहसा पाहावयास मिळत नाहीं.

या गद्याचा एक उत्तम नमुना आपल्याच देशाशीं संबंध असलेला आहे. ‘क्लोरोडाइन’ हें औषध डॉ. कॉलिस ब्राउन या इंग्रज लष्करी डॉक्टरानें १८४८ च्या सुमारास हिंदुस्थानांत पटकीवर उपाय म्हणून सिद्ध केलें. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म हीं त्यांतील मुख्य द्रव्यें. पुढें तें लंडनच्या बाजारांत आलें आणि खोकला, क्षय, दमा, आमांश, अपस्मार, संधिवात, दातदुखी अशी त्याच्या उपयोगांची यादी वाढत गेली. नकल करणाराशीं कज्जा झाला, तेव्हां या औषधाचे जनक डॉ. ब्राउनच होत, असें न्यायाधीशानें १८६४ सालीं न्यायासनावरून सांगितलें. हें वाक्य त्यानंतर वर्षानुवर्षें जाहिरातींच्या शिरोभागीं झळकत राहिलें. न्यायाधीशानें निर्णय दिला तो औषध कोणाचें याचा. वाचकाच्या मनावर ठसा उमटला तो औषध खरें असल्याचा. येथें एकही शब्द खोटा नाहीं, आणि तरीही फसवणूक पुरी झाली आहे. असत्य न बोलतां असत्य पटविण्याची ही हातोटी टीकाकारानें बारकाईनें अभ्यासण्यासारखी आहे.

या वाक्पटुत्वाला उत्तर मिळालें तें अलंकाराचें नव्हे, तर हिशेबाचें. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें १९०९ सालीं ‘सीक्रेट रेमेडीज’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याची रचना अगदीं साधी आहे: एका बाजूस जाहिरातींतील दावा, दुसऱ्या बाजूस पृथक्करणांत सांपडलेलीं द्रव्यें आणि शेवटीं त्यांची किंमत. बीचमच्या गोळ्यांची एक डबी एका गिनीच्या मोलाची आहे, असें घोषवाक्य होतें. पृथक्करणांत निघाले ते कोरफडीचा वाळविलेला रस, सुंठ आणि साबण. आणि छप्पन गोळ्यांतील द्रव्यांची मूळ किंमत भरली सुमारें अर्धा फार्दिंग! या पुस्तकाला शैली नाहीं असें कोणी म्हणेल; आमच्या मतें त्याचा कोरडेपणा हीच त्याची शैली आहे. फुगलेल्या वाक्याशेजारीं नुसता आंकडा ठेवला कीं वाक्य आपोआप खालीं बसतें.

आपल्याकडे ही लाट टपालानें आली. १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली आणि वर्तमानपत्रांतील जाहिरात वाचून खेड्यांतला मनुष्यही मुंबईची बाटली घरबसल्या मागवूं लागला. देशी कारखानदारही पुढें सरसावले. १८९३ सालीं नागेश्वरराव यांनीं मुंबईंत ‘अमृतांजन’ काढलें; गिरगांवांतील डोंगरे यांचें ‘बालामृत’ घरोघर माहीत झालें. या औषधांच्या गुणावगुणांविषयीं आम्हांस येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. लक्ष वेधावयाचें तें नांवांकडे. ‘अमृत’ हा शब्द उच्चारतांच समुद्रमंथनापासूनचा सारा संस्कार जागा होतो, आणि ज्याला अमृत म्हटलें त्यांत काय घातलें आहे हें विचारण्याची बुद्धीच होत नाहीं. उलट पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ पासून जीं शास्त्रोक्त औषधें करीत आला, त्यांची गोष्ट वेगळी. च्यवनप्राशाची कृति चरकसंहितेंत आहे. कारखाना कोणताही असो, ती ताडून पाहतां येते. तेव्हां खरा भेद देशी आणि विलायती असा नसून गुप्त आणि उघड असा आहे. स्वदेशीच्या अभिमानाच्या भरांत हा भेद आपण पुष्कळदां विसरलों.

उघडेपणाचा हा गुण घरगुती औषधांत पूर्ण दिसतो. कडेगांवाचेंच उदाहरण घ्या. हें कमी पावसाच्या मुलखांतलें गांव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होतें. मग तें दक्षिण साताऱ्यांत गेलें, आणि १९६० पासून त्या जिल्ह्यालाच सांगली हें नांव मिळालें. वानलेस यांचें मिरजेचें मिशन हॉस्पिटल १८९४ चें. तेंही बैलगाडीच्या वाटेनें कांहीं जवळ नव्हे. अशा गांवीं पहिला वैद्य म्हणजे घरांतली आजीबाई. जखमेला हळद, पोटदुखीला ओवा, खोकल्याला अडुळसा, सुजलेल्या सांध्याला निर्गुडीचा पाला. आणि तान्ह्या मुलाच्या गुटीसाठीं सहाणेवर वेखंड, सुंठ, जायफळ, हिरडा, मुरडशेंग यांचे वळसे. कोणत्या जिनसाचे किती वळसे, हें सून सासूच्या शेजारीं बसून पाहत असे, शेजारीण त्यांत आपली दुरुस्ती सुचवीत असे. या विद्येंत चूक असेल, पण आडपडदा नव्हता. शंकर दाजी शास्त्री पदे (मृत्यु १९०९) यांनीं ‘आर्यभिषक्’ व ‘वनौषधिगुणादर्श’ या ग्रंथांतून वनस्पतींचे गुण आणि उपयोग सामान्य वाचकाच्या हातीं दिले, तेव्हां त्यांनीं या बटव्याला छापील आधार दिला. त्यांचे सर्व उपाय आज टिकतील असें नाहीं. परंतु जें लिहिलें आहे तें खोडतां येतें, आणि ही सोय गुप्त बाटलीनें कोणालाच दिली नाहीं.

तथापि आजीबाईच्या बटव्याची आरती ओवाळण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या बटव्यांत अफूही होती. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया कामावर जातांना मूल निजून राहावें म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत, हें त्या काळच्या चौकशांत नमूद आहे. अमेरिकेंत ‘मिसेस विन्स्लो’चें मुलांना शांत करणारें सरबत विकलें जात होतें, त्यांत मॉर्फिन होतें. दोन्हीकडे आई तीच, दारिद्र्य तेंच आणि विषही तेंच. फरक एवढाच कीं गिरणीतल्या आईला आपण अफू देतों हें माहीत होतें. तिकडच्या आईला मात्र बाटलीवरील मायाळू चित्रापलीकडे कांहींच ठाऊक नव्हतें. अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्यानें अशीं औषधें बंद केलीं नाहींत. मॉर्फिन असल्यास तसें बाटलीवर छापा, एवढेंच सांगितलें. एका खऱ्या शब्दाची ही सक्ति अशा मालाच्या मुळावर आली.

या वादाचा शेवटचा अंक हळदीनें रंगविला. सांगली ही हळदीची मोठी पेठ. कडेगांव तालुक्यांतही हळद होते. १९९५ सालीं हळदीनें जखम भरण्याच्या उपयोगावर अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठास खरेंखुरें पेटंट मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. आपण त्यावर जयघोष केला तो योग्यच. पण निकालाचें मर्म नीट ध्यानांत घ्यावें. आजीबाईंना हें ठाऊक होतें, एवढ्यानें काम भागलें नाहीं. जुन्या ग्रंथांतले आणि १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकांतले लेखी आधार काढून दाखवावे लागले. त्यांची संख्या बत्तीस होती. म्हणजे बटवा वांचला तो कोणीतरी लिहून ठेवला होता म्हणून. दुसरी गोष्ट अशी कीं या निकालानें उपाय जुना ठरला, गुणकारी ठरला नाहीं. तें प्रयोगानेंच ठरावयाचें.

आपल्या देशांत चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे. १९६४ च्या दुरुस्तीनें आयुर्वेदीय औषधेंही औषधांच्या कायद्याखालीं आलीं. तरी २०२४ सालीं एका बलाढ्य कंपनीला सर्वोच्च न्यायालयापुढें आपल्या जाहिरातींबद्दल उभें राहावें लागलें आणि वर्तमानपत्रांतून क्षमा मागावी लागली. कायदा शिक्षा करूं शकतो. वाचण्याची संवय तो लावूं शकत नाहीं. ती लावण्याचा भार शाळांनीं आणि नियतकालिकांनीं उचलावयाचा आहे. जाहिरात हातीं आली कीं तीन प्रश्न विचारावे: यांत काय आहे, किती आहे, आणि गुण आला हें कोणी पाहिलें? ज्या मासिकांना मराठी गद्याची चाड आहे, त्यांनीं कवितेच्या पुस्तकाइतक्याच कसोशीनें अधूनमधून एखाद्या औषधाच्या वेष्टनाचेंही परीक्षण छापावें, एवढी आमची सूचना आहे.